शेजारच्या बाकावरची परदेशी मुलगी

प्रश्न : मी पंचवटीत राहते आणि अकरावीत शिकते. आमच्या वर्गात जुलैपासून देवाणघेवाण कार्यक्रमातून आलेले दोन परदेशी विद्यार्थी आहेत, एक जर्मन मुलगी आणि एक इटालियन मुलगा. दोघेही वर्षभर राहणार आहेत. पहिल्या आठवड्यात सगळी शाळा त्यांच्याभोवती होती. सेल्फी काढून झाल्या आणि आता मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. जर्मन मुलगी माझ्याच बाकावर बसते. पाच आठवड्यांत आमच्यात चार वाक्ये झाली : ‘ही जागा रिकामी आहे का’, ‘आता कोणता तास’, ‘पेन आहे का’ आणि ‘उद्या सुट्टी आहे’. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी बोलताना मी अडखळते, आणि बोललेच तर मैत्रिणी म्हणतात, भाव खाते. दुसरी गोष्ट जास्त बोचते. वर्गातल्या मुलांनी इटालियन मुलाला ‘थँक यू’चा मराठी शब्द म्हणून एक शिवी शिकवली आणि ती त्याने कँटीनच्या काकांना ऐकवली. सगळे हसले, मीही हसले. त्या दिवसापासून तो डबा घेऊन एकटाच बसतो. आता आई म्हणते, गणपतीत त्या मुलीला जेवायला बोलाव. आजी म्हणते, ती सगळे खाणारी, तिला सोवळ्यात कुठे फिरू द्यायचे? मी काय करू?

उत्तर : पाच आठवड्यांत चारच वाक्ये झाली असे तू खंतावून लिहितेस, परंतु ती वाक्ये नीट पाहिलीस तर त्यांत एकही पाहुणचाराचे नाही. जागा, तास, पेन आणि सुट्टी हे एका बाकावर बसणाऱ्या मुलींचे विषय आहेत. शाळेने त्या दोघांच्या स्वागतासाठी पुष्कळ काही केले असेल, पण उद्या सुट्टी आहे हे सांगायचे तुलाच सुचले, आणि तू सांगितले नसतेस तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी गणवेश घालून बंद फाटकासमोर उभी राहिली असती. तेव्हा माझे सांगणे एवढेच की या चार वाक्यांची चाळीस कर, पण धाटणी हीच ठेव.

आपल्याकडे म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. ही मुले तर वर्षभरासाठी आलेली आहेत, म्हणजे म्हणीच्या हिशेबाने त्यांची अक्कल जुलैतच गेली. यातून सुटण्याचा मार्ग एकच असतो, तो म्हणजे पाहुणेपण लवकरात लवकर टाकून देणे, आणि ते त्यांना एकट्याने टाकता येत नाही. वर्गाने ते त्यांच्या अंगावरून उतरवून घ्यावे लागते.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. मी शिक्षिका असताना आमच्या शाळेत जपानची एक विद्यार्थिनी काही आठवड्यांसाठी आली होती. आम्ही तिला प्रवेशद्वारापाशी ओवाळले, लेझीम खेळलो, शाल-श्रीफळ दिले, आणि त्यानंतर मी रोज तासाच्या सुरुवातीला तिला उभे करून वर्गाकडून टाळ्या वाजवून घेत असे. मला ते आतिथ्य वाटत होते. चौथ्या की पाचव्या दिवशी ती मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे एकटी बसलेली दिसली. पुढे वर्गातल्या एका अबोल मुलीने मला न विचारता फळा पुसण्याच्या पाळीच्या यादीत तिचे नाव घातले. त्या दिवशी तिने फळा पुसला, डस्टर खिडकीबाहेर दोनदा आपटला, खडूची पूड नाकात गेल्यामुळे शिंकली आणि वर्ग हसला, तशी तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून मी टाळ्या बंद केल्या.

आता इंग्रजीकडे वळू. तू एक गोष्ट विसरते आहेस, ती अशी की जर्मन मुलीचे आणि इटालियन मुलाचे इंग्रजीही शाळेतच शिकलेले आहे. तुझ्याशी बोलताना तीही मनात वाक्य जुळवत असते, आणि बहुधा तूच तिच्यावर हसशील अशी तिला धास्ती असते. तुझ्या अडखळण्यापेक्षा तिला जास्त जड जात असेल ते आपले खास घरगुती इंग्रजी. ‘माझा भाऊ गेल्या वर्षी पास आउट झाला’ असे तू म्हणालीस तर ती काळजीने विचारील की तो आता बरा आहे ना, कारण तिने शिकलेल्या इंग्रजीत त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा होतो. आपण ‘मला एक डाउट आहे’ म्हणतो तेव्हा आपल्याला प्रश्न विचारायचा असतो; तिला मात्र वाटेल की आपला समोरच्यावर विश्वास नाही. सावकाश बोल, लहान वाक्ये कर आणि अडलीस तर वहीच्या मागच्या पानावर चित्र काढ.

दोघींच्या मातृभाषा तर इंग्रजीला वळसा घालून एकमेकींना भेटतात. पंचवीस हा आकडा तिला जर्मनमध्ये म्हणायला सांग. ती जे म्हणेल त्याचा शब्दशः अर्थ ‘पाच आणि वीस’ असा आहे, म्हणजे आपल्या पंचवीससारखाच आधी एकक आणि मग दशक. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला, हे तिला सांगितलेस तर तिला ते लगेच समजेल. आकडा ऐकून उलटा लिहिण्याची चूक जर्मन मुलेही करतात. लिंगांचेही तसेच आहे. इंग्रजीत ज्याचा मागमूस नाही ते आपले तीन लिंगांचे प्रकरण जर्मनमध्ये जसेच्या तसे आहे, आणि गंमत अशी की ‘मुलगी’ या अर्थाचा त्यांचा नेहमीचा शब्द नपुंसकलिंगी आहे. आपल्याकडेही ‘ते पोरगं’ म्हणतातच. तू आणि तुम्ही हा भेद जर्मनला आहे, इटालियनलाही आहे. इटालियनमध्ये तर आदराने ‘तुम्ही’ म्हणण्यासाठी जो शब्द वापरतात त्याचा दुसरा अर्थ ‘ती’ असा होतो. या विषयावर तुमचे दोन-तीन डबे सहज संपतील. एक लहानशी सूचना म्हणजे गुणांबाबत जपून बोल. जर्मनीत १ ही सर्वांत चांगली श्रेणी आणि ६ ही सर्वांत वाईट, तर इटलीत गुण १० पैकी देतात आणि ६ ला उत्तीर्ण धरतात. तेव्हा सहा मिळाले हे ऐकून एकाचा चेहरा खुलेल आणि दुसरीचा पडेल.

मैत्रिणींच्या ‘भाव खाते’ या शेऱ्यावर फार वेळ घालवू नकोस. बोलणे दोघींपुरतेच राहते तेव्हा असा शेरा येतो. मैत्रिणींपैकी जी सर्वांत जास्त टोमणे मारते तिलाच पंचवीसचा आकडा जर्मनमध्ये म्हणायला लाव.

आता जे खरोखर बोचते आहे त्याविषयी. परभाषिकाला शिवी शिकवून त्याची फजिती करणे हा आपल्या वसतिगृहांतला आणि कारखान्यांतला जुना खेळ आहे, आणि पुष्कळदा त्यातून पुढे मैत्रीही होते. मात्र एका अटीवर, की फजिती झालेल्याला त्याच संध्याकाळी अर्थ सांगितला जातो आणि हसणाऱ्यांत त्यालाही ओढून घेतले जाते. तुमच्या वर्गात हे दुसरे पाऊल कोणी टाकले नाही. शिवाय यात फजिती एकाची झाली नाही, दोघांची झाली. जे काका त्याला रोज वडा बांधून देतात त्यांनी पोराच्या वयाच्या मुलाच्या तोंडून ती शिवी ऐकली, आणि मुलाला काकांच्या चेहऱ्यावरून कळले की आपण काहीतरी भयंकर बोललो. काय बोललो हे त्याला आजही कळले नसेल. न कळलेल्या अपराधाचे ओझे फार असते. तो एकटा बसतो त्याचे कारण तेच असावे असा माझा अंदाज आहे.

तू त्याच्याकडे जा, पण घोळक्यातून नको आणि एकटीनेही नको. त्या जर्मन मुलीला बरोबर घे, म्हणजे त्याला अवघडल्यासारखे होणार नाही. तीन गोष्टी सांग : तुला शिकवलेला शब्द आभाराचा नव्हता, वाईट होता, काकांना ठाऊक आहे की तुला त्याचा अर्थ माहीत नव्हता, आणि मी त्या वेळी हसले, ते चुकले. दुसरी गोष्ट सांगण्याआधी ती खरी करून घे, म्हणजे आधी कँटीनमध्ये जाऊन काकांना सगळा प्रकार सांग. शिकवणाऱ्या मुलांची नावे सांगायची गरज नाही, ती काकांना माहीत असतात. शब्दाचा नेमका अर्थ त्याने विचारला तर आडपडदा न ठेवता सांग, कारण अर्धवट सांगितलेली शिवी मनात दुपटीने मोठी होते; तुला तोंडाने सांगणे जड वाटत असेल तर लिहून दे आणि कागद फाडून टाक.

मग त्याला बदली शब्द द्यावा लागेल, आणि इथे एक अडचण आहे. पुस्तकाप्रमाणे तो ‘धन्यवाद’, पण कँटीनमध्ये वडा घेऊन धन्यवाद म्हणणारा नाशिककर मी तरी पाहिलेला नाही. आपण आभार शब्दाने मानत नाही, वस्तूची तारीफ करून मानतो. तेव्हा त्याला ‘काका, वडा मस्त झालाय’ हे वाक्य शिकव. दुसरे शिकव ते निघतानाचे ‘येतो काका’. जाताना येतो का म्हणायचे हा प्रश्न तो विचारीलच, आणि जातो म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात हे त्याला समजावताना तुझेही इंग्रजी चांगले घासून निघेल. तो हे दोन शब्द घेऊन काकांपुढे उभा राहील तेव्हा तू जवळ अस, पण मध्ये बोलू नकोस. याउपरही त्या मुलांनी खेळ चालू ठेवला, किंवा त्याचे व्हिडिओ काढून इन्स्टाग्रामवर टाकले, तर मात्र वर्गशिक्षकांना आणि कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकांना सांगायला कचरू नकोस. ती चहाडी नव्हे.

छायाचित्रांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते : विचारल्याशिवाय त्या जर्मन मुलीचे फोटो कोठे टाकू नयेत, केसांना हात लावू नये आणि ‘किती गोरी आहे’ हे तिच्या तोंडावर म्हणू नये. शेवटच्या गोष्टीने तिला अवघडल्यासारखे होते, आणि शेजारी बसलेल्या आपल्या सावळ्या मैत्रिणीला काय वाटते ते तर आपण कधी विचारतच नाही.

गणपतीचे आमंत्रण जरूर द्यावे. मात्र ती घरी येण्याआधी एक गोष्ट तिला सांगितलीच पाहिजे, आणि ती बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या उंबऱ्यावर, कलशावर, कदाचित रांगोळीतही स्वस्तिक असेल. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीवर नाझींची सत्ता होती आणि त्यांच्या झेंड्यावर लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या वर्तुळात काळे, तिरके केलेले स्वस्तिक होते. ते चिन्ह आणि त्या काळातील हात उंचावून केलेला सलाम या दोन्हींचे जाहीर प्रदर्शन आज जर्मनीत कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या शाळांत मुलांना हा इतिहास तपशिलाने शिकवतात, छळछावण्यांची ठिकाणे दाखवायला नेतात. अशी मुलगी तुझ्या दारात रांगोळीतले स्वस्तिक पाहून क्षणभर थबकली तर ते स्वाभाविक आहे. भारतात येण्याआधी तिला याची कल्पना दिली गेलीही असेल, पण वाचलेले वेगळे आणि मैत्रिणीच्या उंबऱ्यावर अचानक दिसलेले वेगळे. आदल्या दिवशी कागदावर आपले स्वस्तिक काढून दाखव. ते सरळ उभे असते, चारही घरांत एकेक ठिपका असतो, आणि ते शुभचिन्ह म्हणून नाझींच्या कितीतरी शतके आधीपासून आपल्याकडे आहे, हे सांग. वर्गात कडक शिक्षकांना ‘हिटलर’ म्हणायची जी सवय आहे तीही तिच्यासमोर आवरा. तिच्या घरात तो शब्द विनोदाने उच्चारला जात नसेल.

एक अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. शाळकरी मुलांना एकमेकांच्या घरी राहायला पाठवण्याची ही रीत युद्धांतूनच वाढलेली आहे. या क्षेत्रातली जुनी संस्था एएफएस ही १९१५ साली पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवक चालकांपासून सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिने रुग्णवाहिका सोडून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण हाती घेतली. फ्रान्स आणि जर्मनी यांनी १९६३ मध्ये मैत्रीचा करार केला तेव्हा त्याच वर्षी दोन्ही देशांतील तरुणांच्या भेटीगाठींसाठी एक संयुक्त कार्यालयही उभे केले. तुझ्या बाकावर ती मुलगी येऊन बसली त्यामागे एवढा लांबचा पल्ला आहे.

जेवणाचे म्हणशील तर आईला आग्रहाचा हात आवरायला सांग. आपल्याकडे पान रिकामे झाले की वाढणारी व्यक्ती धावून येते. तिच्या घरी ताट स्वच्छ करणे म्हणजे जेवण आवडले आणि पोट भरले असे सांगणे. ती सभ्यपणाने संपवत राहील, आई प्रेमाने वाढत राहील आणि तिसऱ्या मोदकानंतर ती मुलगी रडवेली होईल. पानावर हात आडवा धरून ‘बास, पोट भरलं’ म्हणायचे, हे तिला आधीच शिकवून ठेव. वरण-भात-तूप, बटाट्याची भाजी आणि मोदक यांत तिखटाचा प्रश्न नाही. ठेचा मात्र लांब ठेवा. मिसळीचा बेत असेल तर तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा, आणि तिथे रस्सा वेगळा घेऊन तिला चमच्याने चाखू द्या. ती रात्री मुक्कामाला राहावी असे मात्र परस्पर ठरवू नका. तिच्या यजमान कुटुंबाची आणि समन्वयकांची परवानगी तर लागतेच, शिवाय परदेशी नागरिक ज्याच्या घरी मुक्काम करतो त्याला २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ती माहिती भरावी लागते. हॉटेलवाले ज्याला ‘सी फॉर्म’ म्हणतात तो हाच. दिवसभरासाठी येऊन संध्याकाळी परतणे सर्वांना सोयीचे. सातला पोचवते असे यजमान आईला सांगितले असेल तर सात म्हणजे सातच. ‘निघालोच आहोत, पाच मिनिटांत पोचतो’ हे घरात बसून सांगण्याची आपली कला तिथे वापरू नका.

आजींच्या प्रश्नावर तू नाक मुरडलेस असे पत्रावरून वाटते, आणि ते मला तितकेसे रुचले नाही. त्यांचे सोवळे हा त्यांच्या घरातला, त्यांच्या देवापुढचा नियम आहे आणि तो सून-नातींनाही लागू असतो. त्या परदेशी मुलीला तो सरळ शब्दांत सांगितला तर ती वाईट मानणार नाही. चपला बाहेर काढायच्या, नैवेद्य होईपर्यंत ओट्यापाशी जायचे नाही, एवढे कळले की ती निर्धास्त होईल, कारण अनोळखी घरात माणसाला नियमांची भीती वाटत नाही, न सांगितलेल्या नियमांची वाटते. आजींना मात्र ‘ती काय खाते’ हे तिच्यासमोर विचारू देऊ नकोस. त्यांच्याकडून एक काम मागून घे. आदल्या संध्याकाळी नाही तर पहाटे दूर्वा निवडाव्या लागतातच. सतरंजीवर दूर्वांची रास ओतून तीन-तीन पात्यांचे शेंडे वेगळे काढायचे, एकवीस झाले की दोऱ्याने जुडी बांधायची, आणि आजींनी तपासून नापास केलेली जुडी पुन्हा सोडायची. या कामाला इंग्रजी लागत नाही, मोजायला जर्मन चालते. मला खात्री आहे की तासाभरात आजी तिला ‘अगं, असं नव्हे’ म्हणतील, आणि ‘अहो पाहुणे’ हा प्रकार तिथे संपेल.

गणपती झाल्यावर एखाद्या रविवारी दोघांनाही पांडवलेणीला घेऊन जा, शिवी शिकवणाऱ्या मुलांपैकी कोणी यायला तयार असेल तर त्यालाही. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. ते लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या, उत्तरेकडील दात्तामित्री या गावच्या माणसाने आपल्या आईवडिलांच्या नावे कोरवले, आणि तो स्वतःची ओळख ‘योनक’, म्हणजे ग्रीक, अशी करून देतो. वडिलांचे नाव धर्मदेव, मुलाचे धर्मरक्षित. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर एक परदेशी माणूस इथल्या भाषेत, इथल्या लिपीत आपल्या घरच्यांची नावे कोरवून गेला आहे. त्या दोघांना देवनागरीत आपापले नाव लिहायला शिकवायचे असेल तर त्याच्या पायरीवर बसून शिकव. पाण्याची बाटली बरोबर ने, चढण दमवते.

राहिले मोदक. नैवेद्याचे आजींनीच करावेत. उकड थोडी जास्त काढायला सांग, आणि आरती झाल्यावर उरलेल्या उकडीच्या पाऱ्या तुम्ही दोघींनी कराव्यात. तिचा पहिला मोदक फुटेल, तुझाही फुटतो असे आईने तुला पूर्वी सांगितले असेलच.